अमोनियाचा हिशेब किलोत करा

कचरा डेपोवरचा आमचा प्लांट बघायला कुणी आलं की मी टेबलावर दोन बीकर ठेवते. एकात लिचेट, म्हणजे कचऱ्याच्या ढिगाखालून झिरपून आलेलं पाणी, कोऱ्या चहासारखं गडद. दुसऱ्यात तेच पाणी, पण फेरिक क्लोराइड घालून निवळलेलं, वाळूच्या फिल्टरमधून आणि मग ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढलेलं. ते बहुतेक स्वच्छ दिसतं. मग विचारते, अमोनिया कशात जास्त? अलीकडे इंजिनीअरिंगची मुलं आली होती. सगळ्यांची बोटं गडद बीकरकडे गेली. मी दोन्हींचे रिपोर्ट पुढे केले. एकात लिटरला १,५२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात १,४८०.

"मॅडम, मग एवढं फिल्टर करून गेलं काय?" एका मुलीने विचारलं. रंग गेला, तरंगता गाळ गेला, सीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचा, मोठा हिस्सा गेला. अमोनिया जागेवरच राहिला. तो पाण्यात विरघळलेला असतो. वाळूत अडकत नाही, तुरटीच्या किंवा फेरिकच्या फ्लॉकला, म्हणजे गुठळ्यांना, चिकटत नाही, आणि कार्बनही त्याला धरत नाही. लिचेटबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. पाणी निवळलं की काम झालं असं वाटतं, आणि नदीतल्या माशांना मारणारी गोष्ट त्या निवळलेल्या पाण्यात तशीच असते.

मी एका मध्यम शहराच्या कचरा डेपोवर लिचेट प्लांटची लॅब सांभाळते. त्याआधी आणखी दोन-तीन ठिकाणी काम केलं. रसायनशास्त्र शिकताना अमोनिया म्हणजे बाटलीवरचं एक लेबल होतं. इथे तो रोजचा विषय आहे. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे कचऱ्यावर बोलताना वास, आग आणि माश्या यांच्यावर बोलणं होतं, खाली झिरपणाऱ्या पाण्यावर फारसं होत नाही. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांना विचारा, विहिरींचं पाणी गेलं म्हणजे काय ते.

हा अमोनिया येतो आपल्या स्वयंपाकघरातून. डाळी, भाजी, मटण, अंडी, उरलेला भात, यांतल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो. ढिगाच्या पोटात हवा नसते. तिथले जिवाणू प्रथिनं फोडतात आणि नायट्रोजन अमोनियम म्हणून पाण्यात सोडतात. इथपर्यंत ठीक. गोची पुढे आहे. हवा नसलेल्या ढिगात त्या अमोनियमचं पुढे काही होण्याचा मार्गच नसतो. सेंद्रिय पदार्थ हळूहळू मिथेन होऊन उडून जातात, बीओडी, म्हणजे जिवाणूंना खाता येणाऱ्या घाणीचं माप, दरवर्षी उतरत जातो, अमोनिया मात्र साठून राहतो. नव्या डेपोच्या लिचेटमध्ये बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर ०.५ च्या वर असतं, जुन्यात ते ०.१ च्याही खाली जातं. म्हणजे जिवाणूंना खायला काही उरत नाही, आणि अमोनिया लिटरला हजार-दोन हजार मिलिग्रॅम. डेपो बंद केला, वर माती टाकली, बाग केली, तरी हे पाणी कित्येक दशकं येत राहतं.

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत प्रक्रिया केलेल्या लिचेटची मर्यादा दिली होती. नदी-नाल्यात किंवा गटारात सोडायचं तर अमोनियाकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हाच आकडा ०.५ आहे. आणि मासेमारीला योग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुक्त अमोनियाची (तो काय ते पुढे सांगते) मर्यादा १.२ ठेवली आहे. पंधराशेवरून पन्नासवर यायचं म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव भाग काढायचे. शंभरातले नव्वद काढून दाखवणारे पुष्कळ भेटतात. खरी मेहनत आणि खरा पैसा लागतो तो पुढच्या सात भागांना.

मोजतो कसं तेही सांगते, कारण मला ही टेस्ट मनापासून आवडते. काळ्या पाण्यात रंगाच्या पद्धती फसतात, म्हणून आम्ही डिस्टिलेशन करतो. पाच मिली नमुना, त्यात पाणी, बोरेट बफर, पीएच (आम्ल-अल्क मोजणारा आकडा) ९.५ वर. फ्लास्क उकळायला लागला की अमोनिया वाफेबरोबर निघतो आणि कंडेन्सरमधून खालच्या बोरिक ॲसिडमध्ये उतरतो. त्या ॲसिडमध्ये मिथिल रेड आणि मिथिलीन ब्लूचं मिश्रण असतं. सुरुवातीला रंग जांभळा. पहिले थेंब पडतात तिथे, नळीच्या टोकाशी, हिरवी रेघ दिसते, हलवलं की विरते, पुन्हा उमटते, आणि मग एकदम सगळा द्राव हिरवागार होतो. नंतर ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिकने टायट्रेशन, फिकट जांभळा रंग परत येईपर्यंत. प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.२८ मिलिग्रॅम नायट्रोजन. पाच मिली नमुन्याला ब्युरेट २६.८ वर थांबली की समजायचं, पंधराशे. गढूळ, फेसाळ पाणी असलं तरी ही टेस्ट खोटं बोलत नाही. फक्त उकळताना फेस वर चढून कंडेन्सरमध्ये जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पूर्ण रीडिंग फुकट.

आता मूळ मुद्दा. हे आकडे मिलिग्रॅममध्ये येतात आणि सगळे त्यावरच खूश किंवा नाराज होतात. माझं म्हणणं, मिलिग्रॅम बघून निर्णय घेऊ नका, किलो काढा. गोल आकडे घेऊ. उन्हाळ्यात रोज ६० घनमीटर लिचेट येतं आणि त्यात १,८०० मिलिग्रॅम अमोनिया आहे. म्हणजे दिवसाला १०८ किलो नायट्रोजन. जुलैत पाऊस ढिगात मुरतो, लिचेट २५० घनमीटरवर जातं, रीडिंग उतरून ७०० होतं. मीटिंगमध्ये आनंद होतो, अमोनिया निम्म्याहून खाली आला म्हणून. गुणाकार करा. १७५ किलो. जास्त झाला. जो प्लांट १०८ किलोसाठी बांधलाय त्याच्यावर पावणेदोनशे किलो येऊन पडतात, तेही पाइपमधून जेमतेम मावणाऱ्या पाण्याबरोबर.

आणि किलो मोजायला लागलं की दुसरा प्रश्न आपोआप येतो. पाण्यातून काढलेले किलो गेले कुठे? ज्याला आपण "अमोनिया काढणं" म्हणतो, त्यातल्या बहुतेक पद्धती नायट्रोजन एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतात. ती दुसरी जागा कुठली, हे विचारल्याशिवाय कुठलीही पद्धत चांगली की वाईट हे सांगता येत नाही.

पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात. एक अमोनियम, त्याच्यावर विद्युतभार असतो, ते पाणी सोडून जात नाही. दुसरं मुक्त अमोनिया, भार नसलेला वायू, जो उडू शकतो, माशाच्या कल्ल्यातून रक्तात शिरू शकतो, आणि मेंब्रेनमधूनही, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातूनही, निसटतो. कोण किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच ७ ला मुक्त अमोनिया एक टक्काही नाही. ८ ला पाच-सात टक्के. ९.२५ च्या आसपास निम्मा-निम्मा, आणि ११ ला जवळपास सगळाच मुक्त. पुढच्या सगळ्या पद्धती म्हणजे या एका गोष्टीचा वेगवेगळा उपयोग आहे.

सगळ्यात जुनी पद्धत स्ट्रिपिंगची. पीएच ११ पर्यंत चढवा, उंच टॉवरमध्ये वरून पाणी सोडा, खालून हवा, आणि अमोनिया हवेबरोबर बाहेर. पीएच चढवायला चुना स्वस्त म्हणून चुना. पण लिचेटमध्ये बायकार्बोनेट इतकं असतं की हजार लिटरला दहा-बारा किलो चुना त्यातच खपतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटचा ढीगभर गाळ तयार होतो. थोडं कार्बोनेट टॉवरमध्येही जातं आणि पॅकिंगवर बसतं. आमच्या जुन्या प्लांटवर टॉवर उघडल्यावर प्लॅस्टिकच्या जाळीदार रिंगा एकमेकींना चिकटून पांढरा दगड झालेल्या मी पाहिल्या आहेत. हातोडीने फोडून काढाव्या लागल्या. हवाही प्रचंड लागते, एक घनमीटर पाण्याला दोन-तीन हजार घनमीटर. आपल्याकडची ऊब इथे मदतीला येते, युरोपात हिवाळ्यात पाणी तापवावं लागतं ते आपल्याला लागत नाही. तरी डिसेंबरच्या रात्रपाळीत रीडिंग वर सरकतंच.

पण स्ट्रिपिंगमध्ये खरा प्रश्न टॉवरच्या वरच्या तोंडाशी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या हवेला पुढे सल्फ्युरिक ॲसिडचा स्क्रबर, म्हणजे हवा ॲसिडने धुणारा भाग, जोडला तर अमोनियम सल्फेट मिळतं, जे ओळखीचं खत आहे, त्यात २१ टक्के नायट्रोजन. एका किलो नायट्रोजनला साडेतीन किलो ॲसिड लागतं. स्क्रबर जोडला नाही तर? तर शंभर किलो नायट्रोजन रोज हवेत. शेजारच्या वस्तीला वास, डोळे चुरचुरणं, आणि पावसाबरोबर तो पुन्हा जमिनीवर आणि पाण्यात. टॉवरपाशी काम करणाऱ्याचं काय, तेही बघायला हवं. १९४८ च्या कारखाने कायद्यात आठ तासांच्या सरासरीला हवेत २५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग, अमोनियाची मर्यादा होती. स्क्रबर नसलेल्या टॉवरच्या वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की मीटरची गरज पडत नाही, डोळेच सांगतात. स्क्रबरशिवाय स्ट्रिपिंगला मी प्रक्रिया म्हणायला तयार नाही.

दुसरी पद्धत माझ्या जास्त जवळची, स्ट्रुव्हाइटची. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट सारख्या प्रमाणात एकत्र आले आणि पीएच ९ च्या आसपास असला की तिघं मिळून स्फटिक होऊन खाली बसतात. मूत्रमार्गात वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्यांना जे खडे होतात, त्यांतला एक प्रकार हाच. आम्ही जार टेस्ट करतो तेव्हा लिटरभर लिचेटमध्ये आधी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवतो, मग फॉस्फोरिक ॲसिड, आणि ढवळत ढवळत थेंब थेंब कॉस्टिक सोडा. पीएच ८ ओलांडतो तशी काळ्या पाण्यात धुरकट पांढरी झाक येते. मिनिटभरात पाणी दाट होतं. ढवळणं थांबवलं की पंधरा-वीस मिनिटांत तळाशी थर बसतो, आणि वरचं पाणी तेवढंच काळं असतं जेवढं आधी होतं. दिसायला काहीच बदललेलं नाही, पण अमोनिया पंधराशेवरून दीडशे-दोनशेवर आलेला. सुरुवातीच्या दोन बीकरची ही बरोबर उलटी जोडी. ओला थर दोन बोटांत चोळला की बारीक साखरेसारखी कचकच लागते, फेरिकच्या बुळबुळीत गाळाशी त्याचं काही नातं नाही. फिल्टर प्रेसला तो छान जातो, कापडावरून केक सुटून पडतो. वाळवायचा मात्र सावलीत. पंचावन्न-साठ अंशांच्या पुढे स्ट्रुव्हाइट अमोनिया सोडायला लागतं, आणि मे महिन्यातला आमचा पत्रा त्याहून तापतो.

इतकं चांगलं असून सगळीकडे का करत नाहीत? किलो काढा. एका किलो नायट्रोजनला मॅग्नेशियम क्लोराइड साडेचौदा किलो, ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड सव्वाआठ किलो, वर कॉस्टिक, आणि बाहेर पडतं साडेसतरा किलो स्फटिक. रोज १४५ किलो नायट्रोजन काढायचा असेल तर अडीच टन स्फटिक आणि त्याहून जास्त रसायनं. फॉस्फोरिक ॲसिडचा भाव विचारला की महापालिकेचा लेखाधिकारी फाइल बंद करतो, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

त्याहून मोठी अडचण कागदावर कुणी आधी दाखवत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडमधलं क्लोराइड जातं कुठे? ते पाण्यातच राहतं. एका किलो नायट्रोजनमागे पाच किलो क्लोराइड. पंधराशेचं पन्नास करायला गेलं तर लिटरला सात हजार मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइडची भर पडते. २०१६ च्या नियमांत नदीसाठी मर्यादा एक हजार होती. अमोनियात पास, क्लोराइडमध्ये आणि टीडीएसमध्ये (विरघळलेल्या एकूण क्षारांमध्ये) नापास. म्हणून मी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बाजूची आहे. ते हळू विरघळतं, त्याला वेळ आणि चांगलं ढवळणं लागतं, पण क्लोराइड येत नाही आणि स्वतःच अल्कधर्मी असल्याने कॉस्टिकही वाचतं. फॉस्फेट जास्त पडलं तर तेही पुढे नदीत जाणार. पंचगंगा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, जलपर्णीने झाकलेल्या आपल्या नद्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या जलपर्णीला आणखी फॉस्फेट घालायला नको. आणि लिचेटमध्ये कॅल्शियम असेल तर ते मध्येच फॉस्फेट पळवतं, त्यामुळे आधी त्याची टेस्ट करून मगच डोस ठरवायचा.

स्ट्रुव्हाइटच्या केकमध्ये शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती उतरलं हे तपासल्याशिवाय तो शेतात जाता कामा नये. शेतकऱ्याला विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या चौकटीत बसावं लागतं, आणि ते योग्यच आहे. डेपोच्या पाण्यातून निघालेली वस्तू "सेंद्रिय खत" म्हणून कुणाच्या बांधावर टाकणं मला पटत नाही.

आता आरओ. हल्ली टेंडरमध्ये हेच असतं. लिचेटसाठी चकत्यांच्या रचनेचं डिस्क-ट्यूब मॉड्यूल वापरतात, हे तंत्र ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत पुढे आलं. घरातल्या आरओसारखी गुंडाळलेली मेंब्रेन इथे लगेच चोकअप होतात, चकत्यांमधली वाट मोकळी असते म्हणून टिकतात. दोन टप्प्यांतून काढलेलं पाणी खरोखर स्वच्छ असतं, आणि अमोनियाही ५० च्या बराच खाली येतो. पण एका अटीवर, पीएच. वर सांगितलं तसं मुक्त अमोनियावर भार नसतो, आणि मेंब्रेनसमोर तो पाण्याच्या रेणूसारखाच लहान, सरळ पार होतो. म्हणून आधी सल्फ्युरिक घालून पीएच ६ ते ६.५ वर आणायचा, म्हणजे सगळा अमोनियम होतो आणि मेंब्रेन त्याला अडवते. ॲसिड वाचवायला कुणी पीएच साडेसातवर ठेवला की परमिएटचं, म्हणजे गाळून आलेल्या पाण्याचं, रीडिंग लगेच चढतं. आमच्या शिफ्टचे ऑपरेटर काका आता रीडिंग बघून सांगतात, "मॅडम, ॲसिडचा पंप एअर धरतोय." बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

ॲसिड घालताना एक काळजी, हे नवीन लोकांना मी पहिल्या दिवशी सांगते. लिचेटमध्ये बायकार्बोनेटबरोबर सल्फाइडही असतं. ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कुजक्या अंड्याचा वास आला आणि मग येईनासा झाला, तर बरं झालं असं समजू नका. नाक बधिर झालेलं असतं. टाकीवर वाकायचं नाही, गॅस मीटर गळ्यात हवाच, आणि टाकी बंद असेल तर व्हेंट लांब नेलेलं हवं. डोसिंग टाकीचं झाकण उघडून "बघतो जरा" म्हणणारी चांगली, कष्टाळू माणसं असतात. त्यांनाच धोका जास्त.

आणि आता आरओचा नायट्रोजन गेला कुठे? रिजेक्टमध्ये. शंभर लिटरमागे सत्तर-पंचाहत्तर लिटर स्वच्छ पाणी, उरलेल्या पंचवीस-तीस लिटरमध्ये सगळा अमोनिया, सगळं मीठ, सगळा काळा रंग. तीन-चार पट तीव्र. पुष्कळ ठिकाणी हे रिजेक्ट परत ढिगावर सोडतात. ढीग ते शोषून घेतो, काही महिने सगळं छान चालतं. मग तेच खाली येतं. येणाऱ्या लिचेटचा टीडीएस दर तिमाहीला चढत जातो, मेंब्रेनवरचा दाब वाढवावा लागतो, परमिएट कमी होतं, मेंब्रेन लवकर बदलावी लागतात. शिवाय जास्त अमोनियाने ढिगातले मिथेन करणारे जिवाणूही मंदावतात. रजिस्टरची जुनी पानं काढून इनलेटचा आलेख मांडला की ही चढण सरळ दिसते.

म्हणून माझं मत असं झालं आहे की लिचेटमध्ये आरओ एकटं ठेवू नये. आरओने पाणी स्वच्छ करावं, आणि स्ट्रिपिंग किंवा स्ट्रुव्हाइट त्या रिजेक्टवर करावं. तिथे पाणी थोडं आणि अमोनिया दाट, टॉवर लहान लागतो, हवा कमी लागते, आणि काढलेला अमोनिया पुन्हा ढिगात जात नाही. पोकळ तंतूंचे मेंब्रेन कॉन्टॅक्टरही आता मिळतात. तंतूच्या एका बाजूला पीएच चढवलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला ॲसिड. मुक्त अमोनिया भिंतीच्या छिद्रांतून वायू म्हणून पलीकडे जातो आणि तिथेच अमोनियम सल्फेट होतो. टॉवर नाही, पंख्याची वीज नाही. पण त्या छिद्रांना तेलकट किंवा साबणी पाणी चालत नाही, ती भिजली की संपलं. लिचेटवर लावण्याआधी अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळणं, हवंच.

क्लोरीनबद्दल लोक विचारतात, ब्लीचिंग पावडर टाकून होत नाही का? होतं. क्लोरीन हा असा एक मार्ग आहे की ज्यात अमोनियाचा खरंच नायट्रोजन वायू होतो. पण हिशेबाने एका किलो अमोनियाकल नायट्रोजनला ७.६ किलो क्लोरीन, प्रत्यक्षात आठ-दहा, आणि लिचेटमधल्या सेंद्रिय पदार्थांशी होणाऱ्या प्रक्रियेसाठी वेगळं. त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होतात. शेवटच्या पाच-दहा मिलिग्रॅमसाठी ठीक, पंधराशेसाठी नाही.

झिओलाइटचं, म्हणजे अमोनियम धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र खनिजाचं, मात्र मला फार आकर्षण आहे, आणि त्याला आपल्या मातीचं कारण आहे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे जगप्रसिद्ध स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या खाणींतले स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अमोनियम धरण्यासाठी जगात जे क्लिनॉप्टिलोलाइट वापरतात, त्याची अंतर्गत रचना ह्यूलँडाइटसारखीच. खाणीतले देखणे स्फटिक पाण्याच्या फिल्टरमध्ये टाकायचे नसतात हे उघड आहे, त्यासाठी झिओलाइटचे वेगळे जाड साठे लागतात. आणि थेट लिचेटवर तो टिकत नाही, कारण पोटॅशियम आणि सोडियम त्याच जागांसाठी भांडतात. पण शेवटच्या टप्प्यावर, जिथे मीठ आधीच काढलंय आणि अमोनिया ऐंशीवरून तीसवर आणायचाय, तिथे तो उत्तम. मिठाच्या पाण्याने धुतला की पुन्हा तयार. ते धुतलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

एक गोष्ट लिहायची की नाही यावर बराच विचार केला. आधीच्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, आउटलेटला अमोनिया १८० येत होता. तपासणीच्या आदल्या रात्री आउटलेटच्या टाकीत बोअरचं पाणी सोडलं गेलं. सकाळी रीडिंग ४५. रिपोर्ट पास. किलो तेवढेच, नदीत गेले तेवढेच, वर बोअरचं चांगलं पाणी वाया. ज्या विहिरी लिचेटने नासतात म्हणून आपण ओरडतो, त्यांच्याच शेजारचं भूजल उपसून हे केलं जातं. मी सही केली नाही आणि पुढे ते काम सोडलं. पण राग त्या रात्रीच्या पाळीवरच्या मुलावर धरू नका. त्याला कुणी प्लांट चालवायला पुरेसं ॲसिड दिलं नव्हतं. फक्त मिलिग्रॅमवर पास-नापास ठरवलं की हे होणारच. प्रवाह मोजला असता आणि किलो लिहिले असते, तर त्या दिवशीचं पाणी अचानक चौपट झालेलं कुणालाही दिसलं असतं.

जैविक पद्धतीवर वेगळं लिहीन, ती या लेखात मावणार नाही. एवढंच, की नायट्रोजनला हवेत, जिथून तो आला तिथे, परत पाठवणारा सगळ्यात सरळ मार्ग तोच आहे, आणि जुन्या लिचेटमध्ये जिवाणूंना कार्बन कमी पडतो तेव्हा साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात तिचा तुटवडा नाही.

आणि घरात ओला कचरा वेगळा करून खत होणाऱ्या प्रत्येक किलोचा नायट्रोजन माझ्यापर्यंत येतच नाही. प्लांटमध्ये एक किलो नायट्रोजन काढायला वीस-पंचवीस किलो रसायन लागताना बघितलं की घंटागाडीवर "ताई, ओला वेगळा द्या" म्हणून रोज ओरडणाऱ्या बाईचं काम किती मोलाचं आहे ते कळतं. तिच्या गाडीत दोन कप्पे असतात आणि डेपोवर दोन्ही एकाच ढिगात रिकामे होतात, हे जिथे चालतं तिथे आधी ते थांबवावं.

नगरपालिकांचे जे इंजिनीअर लिचेट प्लांटचं टेंडर लिहितात, त्यांच्याकडे माझ्या थोड्याच मागण्या आहेत. इनलेटची क्षमता घनमीटरबरोबर नायट्रोजनच्या किलोतही लिहा, आणि तीही जुलै-ऑगस्टच्या नमुन्यांवरून. रिजेक्ट, गाळ, केक आणि स्क्रबरचं पाणी, प्रत्येकाचं ठिकाण करारात नाव घालून लिहा, "योग्य विल्हेवाट" असं मोघम नको. स्ट्रिपिंग असेल तर स्क्रबर त्याच किमतीत धरा. रसायनांचा खर्च बांधणीच्या खर्चापासून वेगळा काढून पुढच्या पाच वर्षांसाठी मंजूर करून घ्या, कारण प्लांट बंद पडतात ते बहुतेक ॲसिड-कॉस्टिकच्या थकलेल्या बिलांमुळे. आणि इनलेट, आउटलेट, रिजेक्ट या तिन्ही लाइनवर फ्लोमीटर बसवा. आमच्याकडे रिजेक्टवरचा मीटर सगळ्यात शेवटी बसला, आणि किलोची बेरीज त्यानंतरच जुळायला लागली.